यंदा पुन्हा नवे सर?

शाळा उघडून जेमतेम पंधरा दिवस झाले होते. हर्सूलमधून शहराकडे जाण्यासाठी जळगाव रोडवर रिक्षाची वाट पाहत उभी होते. पलीकडच्या गल्लीतल्या एक भाभी धाकट्या मुलीचा हात धरून आल्या. सलाम-दुआ झाली, घरच्यांची ख्यालीखुशाली झाली आणि मग त्यांनी मनातलं बोलून टाकलं, "मॅडम, छोटी के गणित के सर फिर चले गए. तीन साल में ये चौथे थे. अब कौन पढाएंगा? तुम्ही स्वतः शिक्षिका आहात, तुम्हीच सांगा, शाळा बदलू का?"

रिक्षा आली म्हणून मी तेव्हा घाईत निघाले. त्यांचा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. दर वर्षी जून-जुलैमध्ये हाच प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतं. कधी गणिताचे सर गेलेले असतात, कधी इंग्रजीच्या टीचर, कधी थेट मुख्याध्यापक. शाळेत विचारायला गेलं तर "नवीन टीचर येणार आहेत" एवढंच उत्तर मिळतं. पाऊस आला, पाऊस गेला, तसे शिक्षक येतात नि जातात, त्यात कोणाचा काही दोष नाही, असाच सगळ्यांचा समज झालेला दिसतो. तो समज बरोबर आहे का, हे या लेखात पाहू या.

मूल कशाला मुकतं?

शिक्षक बदलला तर पुस्तक तेच राहतं, अभ्यासक्रम तोच राहतो, मग बिघडतं काय? हा प्रश्न मला एका वालिदसाहेबांनी विचारला होता. प्रश्न रास्त आहे.

नव्या शिक्षकाला वर्गातली नावं पाठ व्हायलाच महिना लागतो. कोणत्या मुलाला अपूर्णांक कळलेला नाही, कोण फळ्यावरचं दिसत नसूनही लाजेने बोलत नाही, कोणाच्या घरी अब्बू आजारी आहेत, हे कळायला आणखी दोन-तीन महिने जातात. सहामाही परीक्षा येते तोवर शिक्षक मुलाला ओळखू लागतो, आणि तेव्हाच तो गेला तर ही सगळी ओळख त्याच्याबरोबर जाते. ती कोणत्याही रजिस्टरमध्ये लिहिलेली नसते. पुढचा शिक्षक पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

अमेरिकेत या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. न्यूयॉर्क शहरातल्या चौथी-पाचवीच्या मुलांची आठ वर्षांची माहिती घेऊन तीन संशोधकांनी २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या इयत्तेत शिक्षक जास्त बदलले, तिथली मुलं भाषा आणि गणित दोन्हींत मागे पडली. आधीच कमजोर असलेली मुलं जिथे जास्त होती, तिथे नुकसान मोठं होतं. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली. ज्यांचे स्वतःचे शिक्षक कुठेही गेले नव्हते, त्या मुलांवरही परिणाम झाला होता. म्हणजे एक शिक्षक गेला की धक्का सगळ्या शाळेला बसतो. मागे राहिलेल्यांवर कामाचा बोजा वाढतो, नव्यांना शिकवण्यात त्यांचा वेळ जातो.

त्याच देशात १९९२ पासून 'चार्टर स्कूल' नावाच्या शाळा निघाल्या. पैसा सरकारचा, कारभार खाजगी मंडळाचा आणि नियमांतून बरीच मोकळीक. २००३-०४ च्या आकडेवारीवर झालेल्या एका अभ्यासात या शाळांतले सुमारे २५ टक्के शिक्षक एका वर्षात शाळा किंवा पेशाच सोडून गेल्याचं दिसलं. साध्या सरकारी शाळांत हे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास होतं. मोकळीक मिळाली म्हणून शिक्षक आपोआप टिकत नाहीत, हा त्यातला धडा. आपल्या अल्पसंख्याक संस्थांनाही घटनेने मोकळीक दिली आहे, म्हणून हा धडा आपल्याही कामाचा आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती मुलींची. आठवी-नववीतल्या मुलीला शाळेत पाठवायचं की नाही, हा निर्णय आजही अनेक घरांत एखाद्या बाईंच्या भरवशावर होतो. "वो मॅडम है ना, फिर ठीक है" असं म्हणत अब्बू परवानगी देतात. ती मॅडम गेली की परवानगीही डळमळते.

मीही सोडून गेले होते

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. वीस वर्षांपूर्वी नवी नवी बीएड होऊन मी एका विनाअनुदानित शाळेत लागले. शाळेचं नाव महत्त्वाचं नाही. रजिस्टरवर जी रक्कम लिहिलेली असे तिच्यापुढे मी सही करायचे आणि हातात त्याच्या निम्मी पडायची, तीही कधी दहा तारखेला, कधी पंचविसाव्या. रुजू होताना एका कोऱ्या कागदावर सही घेतली होती. तो राजीनामा आहे, हे मला नंतर सहकारी बाजींनी सांगितलं. मुख्याध्यापक भले माणूस होते, पण खडूचा डबा मागवायचा तरी त्यांना सचिवसाहेबांना फोन करावा लागे.

दुसऱ्या वर्षी ऐन नोव्हेंबरमध्ये मला अनुदानित शाळेत जागा मिळाली आणि मी गेले. घरची परिस्थिती पाहता दुसरा काही मार्गही नव्हता. माझ्या सातवीच्या वर्गात एक हुशार मुलगी होती. तिच्या अम्मीला समजावून मीच तिला पाचवीनंतर पुढे शिकवायला लावलं होतं. मी गेल्यानंतर दोन महिन्यांत माझ्या जागी दोन टीचर येऊन गेल्या. मार्चपर्यंत त्या मुलीचं नाव हजेरीपटावर होतं, मुलगी मात्र घरी होती. पुढे एका शादीत ती भेटली, तेव्हा तिच्या कडेवर मूल होतं. तिने तक्रार केली नाही. "मॅडम, आप गए फिर अच्छा नहीं लगा" एवढंच म्हणाली.

मी गेले यात चूक माझी किती आणि शाळेची किती, याचा हिशेब मी अनेकदा मांडला आहे. शाळेने पगार वेळेवर दिला असता तर मी निदान वर्ष पुरं करून गेले असते, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

शिक्षक का जातात?

पहिलं कारण पैसा. आपल्या राज्यात २००० पासून नव्या शिक्षकाला आधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर राबावं लागतं. हे मानधन प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपयांवर कैक वर्षं अडकून होतं. जानेवारी २०२३ पासून ते १६,०००, १८,००० आणि २०,००० झालं. ही अनुदानित शाळांची गोष्ट. विनाअनुदानित शाळांत माझ्या ओळखीच्या कितीतरी बीएड झालेल्या मुली याहून बऱ्याच कमी पैशांत शिकवत आहेत.

मे २०१२ मध्ये राज्याने शिक्षकभरतीवर बंदी आणली आणि अनुदानित जागा रिकाम्या राहू लागल्या. विनाअनुदानित शाळांतले शिक्षक आज ना उद्या अनुदान येईल या आशेवर वर्षानुवर्षं थांबले. २००९ मध्ये 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' शब्द निघाला, २०१६ मध्ये पात्र शाळांना २० टक्के अनुदान सुरू झालं, पुढचे टप्पे आंदोलनं करून पदरात पडले. ऑक्टोबर २०१६ मध्ये मंत्रिमंडळाची बैठक आपल्याच शहरात होती, तेव्हा विनाअनुदानित शिक्षकांच्या मोर्चावर लाठीमार झाला, हे अनेकांना आठवत असेल. अशा अनिश्चिततेत तरुण शिक्षक टिकून राहावा, ही अपेक्षा करणं सोपं आहे, त्याच्या जागी उभं राहणं अवघड आहे.

दुसरं कारण वागणूक. सगळे पगारासाठीच जातात असं नाही. कमी पगारातही वर्षानुवर्षं टिकलेले शिक्षक मी पाहिले आहेत. तिथे पगार थोडा असला तरी ठरलेल्या तारखेला होत असे. मुख्याध्यापक चूक झाली तर खोलीत बोलावून सांगत, मुलांसमोर नाही. आणि जिथे संस्थाचालकांचा भाचा येऊन तासाच्या मध्येच शिक्षिकेला उभं करून जाब विचारतो, तिथे चांगला पगार असूनही माणसं थांबत नाहीत.

तिसरं कारण आपल्या घरातलं आहे आणि त्याबद्दल आपण बोलत नाही. खाजगी शाळांत शिकवणाऱ्या कितीतरी शिक्षिका पंचविशीच्या आतबाहेरच्या मुली असतात. लग्न ठरतं आणि नोकरी सुटते. ती टिकली तर पहिल्या बाळंतपणात सुटते, कारण शाळा रजा देत नाही आणि सासर वाट पाहत नाही. मुलीला शिकवायला चांगली मॅडम हवी, पण आपली बहू मॅडम नको, असं एकाच घरात चालतं. गणिताच्या मॅडम का टिकत नाहीत असं विचारणाऱ्या आम्हीच, आपल्या घरातल्या गणिताच्या मॅडमला "अब घर संभालो" म्हणणाऱ्याही असतो. सासूबाईंनी दुपारी चार तास नातवाला सांभाळलं, तर एका वर्गातल्या चाळीस मुलांचं वर्ष वाचतं. हा हिशेब प्रत्येक घराने आपापला मांडावा.

मुख्याध्यापकाची खुर्ची आणि संस्थेचं भांडण

शिक्षक सतत बदलत असतील तर मी आधी मुख्याध्यापकांच्या खोलीकडे पाहते. तिथे कोण बसलं आहे, किती वर्षांपासून, आणि त्यांना स्वतः किती गोष्टी ठरवता येतात? मुख्याध्यापकच दर दोन वर्षांनी बदलत असतील, तर शिक्षकांनी कोणाच्या भरवशावर थांबावं?

महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे. त्यात अल्पसंख्याक शाळेला खास सवलत आहे. मुख्याध्यापक आणि आणखी तीनपर्यंत कर्मचारी संस्था आपल्या पसंतीने नेमू शकते, तिथे ज्येष्ठतेचा नियम आड येत नाही. हेतू असा की संस्थेचं वळण जपणारा माणूस त्या खुर्चीवर यावा. ही सवलत लायक माणूस शोधण्यासाठी वापरली तर शाळा उभी राहते, नातेवाईक बसवण्यासाठी वापरली तर स्टाफरूममधले चांगले लोक दुसरीकडे अर्ज करू लागतात.

याच कायद्याने कर्मचाऱ्याला संरक्षणही दिलं आहे. ठरलेल्या रीतीशिवाय कोणाला काढता येत नाही. काढलं तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. राजीनामा कर्मचाऱ्याने स्वतः दोन प्रतींत लिहून, तारीख घालून, रजिस्टर पोस्टाने पाठवायचा असतो. म्हणजे रुजू होताना घेतलेल्या कोऱ्या सहीचा कागद हा राजीनामाच नव्हे. हे मला वीस वर्षांपूर्वी माहीत नव्हतं, आजच्या मुलींना माहीत असायला हवं.

काही शाळांत रोग याहून वरचा असतो. संस्था काढणारे बुजुर्ग इंतकाल पावतात आणि पुढच्या पिढीत दोन गट पडतात. दोन्ही गट धर्मादाय कार्यालयात आपापला 'चेंज रिपोर्ट' दाखल करतात, तारखा पडत राहतात. सही कोणाची चालणार हेच ठरत नाही, तोवर नेमणुका अडतात, पगारबिलं अडतात. भांडण बंगल्यात असतं, त्याची किंमत चौथीच्या वर्गात मोजली जाते.

हक्क आहे, तसा हिशेबही आहे

घटनेच्या ३० व्या कलमाने आपल्याला आपल्या संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. त्या हक्काच्या जोरावर आपल्या शहरातही मोठं काम झालं. डॉ. रफिक झकेरिया यांच्या प्रयत्नांतून १९६३ मध्ये रौजा बागेत मौलाना आझाद महाविद्यालय सुरू झालं. हर्सूलच्या किती मुला-मुलींनी तिथून पदवी घेतली, ते घराघरांत विचारा.

पण चालवण्याच्या हक्कात कारभार बिघडवण्याचा हक्क येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणातच स्पष्ट केलं. जानेवारी २०२० मध्ये पश्चिम बंगालच्या अनुदानित मदरशांचं प्रकरण निकाली निघालं. तिथे शिक्षक निवडण्यासाठी आयोग नेमणारा कायदा न्यायालयाने वैध ठरवला. गुणवत्तेवर शिक्षक निवडला जाणं हे अल्पसंख्याकांच्याही हिताचं आहे, असा त्या निकालाचा रोख होता.

पालकांनी एक अडचण मात्र समजून घ्यावी. शिक्षण हक्क कायद्यातल्या शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला असतात. पण मे २०१४ च्या निकालाने हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू राहिला नाही. शिक्षक पात्रता परीक्षेबाबत १ सप्टेंबर २०२५ रोजी निकाल आला, तेव्हाही अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे पाठवला. याचा अर्थ असा, की दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या पालकाला कायद्याने जी खुर्ची मिळते, ती आपल्या शाळेत संस्थेने आपणहून द्यायची आहे. सूरह शूराचं नावच सल्लामसलतीवरून पडलं आहे. मशिदीच्या बांधकामासाठी आपण दहा जणांना विचारतो, तर शाळेसाठी पालकांना विचारायला काय हरकत आहे?

तरीही पालक अगदी रिकाम्या हाताचे नाहीत. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने खाजगी शाळेत पालक-शिक्षक संघ असायलाच हवा, आणि त्याच्या कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. फी ठरवताना शिक्षकांची पात्रता आणि त्यांचे पगार हे मुद्दे पाहायचे असतात. त्यामुळे "आमच्या फीमधले शिक्षकांना किती मिळतात?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, त्या समितीच्या कामाचाच आहे. संस्थेचे विश्वस्त कोण, हे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत कोणालाही पाहता येतं.

काय विचारावं, कसं विचारावं

प्रवेशाच्या वेळी आपण फी, गणवेश आणि व्हॅन विचारतो. त्याबरोबर हेही विचारावं:

१. तीन वर्षांहून जास्त काळ इथे असलेले शिक्षक किती आहेत?
२. मुख्याध्यापक किती वर्षांपासून आहेत, आणि वेळापत्रक, रजा, वर्गवाटप ते स्वतः ठरवतात का?
३. शिक्षकांचा पगार दरमहा बँकेत जमा होतो का?
४. वर्षाच्या मध्ये शिक्षक गेले तर तो विषय कोण शिकवतं, आणि मुलांची माहिती नव्या शिक्षकाला कशी दिली जाते?
५. पालक-शिक्षक संघाची सभा कधी होते, समितीत कोण पालक आहेत?

विचारताना गर्दी करून जाऊ नये. मोबाईलच्या ग्रुपवर शिक्षकांची नावं घेऊन चर्चा करू नये, त्याने उरलेलेही जातात. एकाच वर्गातल्या पाच-सहा पालकांनी, त्यात अम्मींनीही, वेळ घेऊन मुख्याध्यापकांना भेटावं. म्हणणं कागदावर लिहून द्यावं आणि पोच घ्यावी. महिन्याने पुन्हा जावं.

आणि स्वतःकडेही पाहावं. फी सहा-सहा महिने थकवून शिक्षकांचा पगार वेळेवर व्हावा, असं कसं म्हणता येईल? खरोखर अडचण असेल त्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्यासाठी जकातीतून सोय करणारे लोक आपल्यात आहेत. पण शादीत लाखाचा मंडप आणि शाळेत "अगले महिने देते" हे बरोबर नाही. मुलासमोर शिक्षकाला एकेरीत बोलू नये. चांगलं शिकवणाऱ्या मॅडमबद्दल दोन ओळी लिहून मुख्याध्यापकांना द्याव्यात. अशी चिठ्ठी मला एकदाच मिळाली आहे, ती अजून माझ्या कपाटात आहे.

संस्थाचालक भावांनाही अदबीने सांगणं आहे. मजुराचा मोबदला वेळेवर देण्याची ताकीद आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. शिक्षकही त्यात येतो. अमानत तिच्या हकदाराकडे सोपवण्याचा हुकूम सूरह निसामध्ये आहे, आणि मुख्याध्यापकाची खुर्ची ही अमानत आहे. नवीन मजला बांधायला उशीर झाला तरी चालेल. आधी पगाराची तारीख ठरवा, कोऱ्या सह्यांचे कागद परत करा, बाळंतपणाची रजा द्या, आणि जाणाऱ्या शिक्षकाला एकदा समोर बसवून विचारा की तुम्ही का जात आहात.

परवा त्या भाभी पुन्हा भेटल्या. मी त्यांना म्हणाले, "शाळा इतक्यात बदलू नका. नव्या शाळेतही छोटीला नवेच सर असतील. आधी आणखी चार-पाच अम्मींना घेऊन मुख्याध्यापकांना भेटा, हे प्रश्न विचारा. त्यांनी बसवून घेऊन उत्तरं दिली तर थांबा. उत्तरच मिळालं नाही, तर मार्च संपल्यावर दाखला काढा, वर्षाच्या मध्ये नको."

त्यांनी पिशवीतून छोटीची वही काढली आणि प्रश्न लिहून द्यायला सांगितले. मी रस्त्यातच उभं राहून मागच्या पानावर ते लिहिले. छोटी बाजूला उभी राहून वाचत होती. चौथा प्रश्न वाचून झाल्यावर तिने मला विचारलं, "मॅडम, नए सर को मेरा नाम कौन बताएंगा?"